दाब, धर, सोड

२३ मार्च २०२४, शनिवार

आज विभाचा दहावा झाला. जे घडलं ते जसंच्या तसं लिहून ठेवावं असं वाटलं म्हणून ही वही काढली. लिहायची सवय नाही. ऑफिसात टेस्टिंगचे रिपोर्ट लिहितो, तेवढंच.

इथे जपानात, ग्योतोकूत, आमच्या घरापासून नदीचा बांध जवळ आहे. सकाळी मी, आमची मुलगी मैथिली, विभाचे भाऊ बाळासाहेब, पुष्कर देव आणि ताकेउची-सान असे पाच जण तिथे गेलो. बाळासाहेब कोल्हापूरहून आले आहेत. पुष्कर ओजिमाला राहतो. एरवी डेटाबेसचं काम करतो आणि सुट्टीच्या दिवशी इथल्या मराठी घरांत पौरोहित्य करतो. ताकेउची-सान आमच्या गल्लीच्या टोकाला ड्रायक्लीनिंगचं दुकान चालवतात. सत्तरीला आले तरी केस काळे करून कपाळावर कोंबड्याच्या तुऱ्यासारखे उभे करतात. विभाचा जो गाडीचा नाद होता, त्यातले ते तिचे सोबती. आज काळ्या सुटात आले होते. तुरा मात्र तसाच होता.

पुष्करने पाण्याजवळच्या पायरीवर पिंड मांडले. आम्ही मागे सरून उभे राहिलो. कावळा येईना. एक समोरच्या दिव्याच्या खांबावर बसला होता, पण जागचा हलत नव्हता.

"आज जळणारा कचरा बाहेर ठेवायचा दिवस आहे," ताकेउची-सान माझ्या कानाशी म्हणाले. "बाकीचे तिकडे गेले असतील."

बाळासाहेबांनी मला कोपराने ढोसलं. "दाजी, जीव कशात तरी गुतलाय तिचा. बोला की काहीतरी."

मला सुचेना. मग तेच पुढे झाले. "विभे, मैथिलीचं लगीन मी लावून देतो. आईकडं मी बघतो. काळजी करू नको. जा आता निवांत."

कावळा तसाच. कुत्र्याला फिरवणारी एक बाई थांबून बघत राहिली. पुष्कर म्हणाला, दर्भाचा कावळा करून शिववता येतो, शास्त्रात सोय आहे. बाळासाहेब म्हणाले, "जित्ता समोर बसलाय आणि गवताचा कशाला?"

वाऱ्याने माझ्या डोळ्यांत पाणी येत होतं. चष्मा काढून पुसत होतो. पुसता पुसता मी मोठ्याने म्हणालो, "विभा, तुझी गाडी मी पूर्ण करतो. वर्षाच्या आत."

तेच का म्हणालो, माहीत नाही. त्या गाडीबद्दल मी तिला कधी धड विचारलंही नव्हतं.

"शिवला, शिवला!" बाळासाहेब ओरडले. मी चष्मा लावला तेव्हा कावळा पिंडावर होता. मी बोललो म्हणून तो आला की मी तोंड उघडायच्या आधीच उडाला होता, ते मी पाहिलेलं नाही. मैथिली माझ्या शेजारी हात जोडून उभी होती. तिचे डोळे मिटलेले होते आणि ओठ हलत होते. रामरक्षा म्हणत असावी.

३१ मार्च

बाळासाहेब आज गेले. निघण्यापूर्वी खाली गॅरेजात उभे राहून गाडीकडे बघत होते.

"दाजी, तुम्हाला स्टेपनी बदलता येती का?"

"नाही."

"मग कावळ्याला फसवलं म्हणायचं आपण."

हसले आणि मग एकदम रडायला लागले. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. मला अजून रडू आलेलं नाही.

आमच्या भाड्याच्या घराचा तळमजला म्हणजे गॅरेज, वर राहायची जागा. हे घर विभाने त्या गॅरेजसाठीच निवडलं होतं. तिच्या वडिलांचं कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथचं दुकान होतं. ती स्वतः मेकॅनिकल इंजिनियर. माझ्या नोकरीमुळे इकडे आली. आधी जेवणाचे डबे भरण्याच्या कारखान्यात आणि मग एका गाड्यांच्या वर्कशॉपमध्ये अर्धवेळ काम केलं. तिथेच कुणीतरी टाकून दिलेला हा सांगाडा तिला मिळाला. १९२९ची फोर्ड, दोन माणसांची, बिनछपराची. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेतली पोरं असल्या जुन्या गाड्यांची मडगार्डं काढत, पुढचा भाग खाली बसवत, आत मोठं आठ सिलिंडरचं इंजिन घालत. त्याला हॉट रॉड म्हणतात. विभाला ती पोरांनी केली तशीच हवी होती, नव्या सामानाशिवाय.

इंजिन बसलेलं आहे. वायरिंग नाही, ब्रेकच्या नळ्या अर्धवट, पेट्रोलची टाकी खाली काढून ठेवलेली, सीट नाही. नटबोल्ट सगळे स्टीलच्या मिसळणाच्या डब्यांत. एक डबा उघडला तर हळदीचा वास आला. झाकण लावून ठेवलं.

माझा कावळ्यावर विश्वास नाही. पण शब्द दिला तो चारचौघांत दिला.

संध्याकाळी मैथिली म्हणाली, "बाबा, ओबिहिरोचं रद्द झालं." तिने उत्तरेकडच्या होक्काइदोत दुग्धशास्त्रात एमएस केलं आहे. तिथल्याच ओबिहिरोच्या संशोधन केंद्रात ती उद्यापासून रुजू होणार होती. विभा गेल्यामुळे त्यांनी महिनाभर सवड दिली होती. आता म्हणे त्यांच्याकडे बजेटच नाही. मला तिच्यासाठी वाईट वाटलं. खरं लिहायचं तर बरंही वाटलं.

२० एप्रिल

ताकेउची-सान दर शनिवारी दुकान बायकोवर सोपवून येतात. मदतीपेक्षा बोलणं जास्त. त्यांना सगळं येतं असं नाही. पुष्कळदा दोन वायरी हातात धरून "ही नसेल तर ती" म्हणतात. विभाकडून "चालेल" हा शब्द शिकले आहेत आणि तो कुठेही वापरतात.

आज माझ्या हातून मोठी चूक झाली. ते यायच्या आधी काहीतरी करून ठेवावं म्हणून मी उजव्या दाराला पॉलिशपेपर मारला. गंज आणि जुना निळा रंग पार निघाला. पत्रा चांदीसारखा लखलखीत झाला. मी खूश होतो.

ताकेउची-सान आत आले आणि दारातच थांबले. "अरे देवा," म्हणाले. हेही विभाचंच.

"काय झालं?"

"हरीश-सान, तो रंग पंचाण्णव वर्षांचा होता."

मला वाटलं होतं तो खराब झालाय. ते म्हणाले, ह्या गाडीची शान त्या फिकट रंगातच होती. विभा त्याच्यावर साधं फडकंही जपून फिरवायची. मी म्हटलं, आता काय करायचं? त्यांनी दाराभोवती दोनदा फिरून पाहिलं. मग म्हणाले, "चालेल."

मैथिली ऑफिसातून आली आणि दार बघून इतकी हसली की तिला जिन्यावर बसावं लागलं. ती आता एदोगावात एका दुधाच्या कंपनीच्या प्रयोगशाळेत जाते. सायकलने जाता येतं म्हणून घेतली नोकरी, असं म्हणते. हुशार मुलगी आहे. एवढी जवळची नोकरी कशाला शोधली, कळत नाही.

८ जून

आज एक गोष्ट कळली आणि त्यामुळे मन जरा अस्वस्थ आहे.

पेट्रोलची नळी बसवत होतो. मी ताकेउची-सानांना म्हटलं, विभा असती तर एव्हाना गाडी रस्त्यावर असती.

ते म्हणाले, "मुळीच नाही. विभा-सानला गाडी पूर्ण करायची नव्हतीच."

"म्हणजे?"

"एखादी गोष्ट झाली की ती परत उघडायची. ही नळीच घ्या. आधी तांब्याची बसवली, मग काढली, मग वाकण आवडलं नाही म्हणून परत काढली. मी म्हणायचो, विभा-सान, मी म्हातारा झालो, मला एकदा तरी हिच्यात बसू द्या. ती म्हणायची, पूर्ण झाली की मग शनिवारी काय करायचं?"

हे मला ती कधी बोलली नाही. शनिवारी मी वर झोपलेला असायचो किंवा क्रिकेट बघत असायचो. खालून ठाकठोक ऐकू यायची.

म्हणजे मी दहाव्याला जे कबूल केलं ते तिला नकोच होतं की काय? मग कावळा आला कसा?

भूक लागली असेल.

तरी काम सोडणार नाही. आता सोडून करणार काय?

१८ ऑगस्ट

गॅरेजात उभं राहवत नाही इतका उकाडा. शटर अर्धं उघडं ठेवून सकाळीच काम करतो. वायरिंग झालं. दिवे लागतात, हॉर्न वाजतो. हॉर्न वाजवून बघितला तेव्हा समोरच्या बाई बाहेर आल्या आणि वाकून नमस्कार करून आत गेल्या. त्याचा अर्थ वाजवू नका असा होता, असं मैथिली म्हणाली.

या वर्षी गणपती नाही. ताकेउची-सानांना सांगितलं तर ते म्हणाले, आमच्याकडेही घरात कोणी गेलं की त्या वर्षी नववर्षाची कार्डं पाठवत नाहीत.

११ ऑक्टोबर

आज खंडेनवमी. विभा आजच्या दिवशी पाने, पकडी, जॅक सगळं धुऊन पुसून पाटावर मांडायची, हळदकुंकू वाहायची आणि त्या दिवशी कशालाही हात लावू द्यायची नाही. मी या वर्षी काही करणार नव्हतो. संध्याकाळी घरी आलो तर ताकेउची-सान गॅरेजात उभे होते. हातात पिवळी शेवंती. झेंडू मिळाला नाही म्हणाले.

"वर्षाच्या आत सण करत नाहीत," मी म्हणालो.

त्यांचा चेहरा पडला. फुलं मागे लपवायला लागले.

मैथिली जिन्यावरून म्हणाली, "बाबा, सुतक आपल्याला आहे. पान्यांना कुठे आहे?"

मग केली पूजा. पाने फार चांगले दिसत होते. विभाचा आवडता लहान पाना मी मधोमध ठेवला. त्याची मूठ एका बाजूने झिजली आहे, तिच्या अंगठ्याच्या जागी.

२४ नोव्हेंबर

इंजिन सुरू झालं.

सकाळी प्लग बसवले, पॉइंटमधलं अंतर तपासलं. ताकेउची-सान रेडिएटरपाशी, मी सीटवर (सीट म्हणजे अजून लाकडी खोकंच आहे), मैथिली आग विझवायचा सिलिंडर घेऊन दारात. सेल्फ मारला. काही नाही. परत मारला. काही नाही. ताकेउची-सान म्हणाले, "ही नसेल तर ती," आणि दोन वायरींची अदलाबदल केली. मग सेल्फ मारला आणि एकदम सगळं घर हादरलं.

आवाज कानाला कमी आणि पोटाला जास्त जाणवतो. ताकेउची-सानांनी खिशातून कंगवा काढून केस नीट केले. का, ते विचारलं नाही. मैथिली रडत होती. मी इंजिन बंद केलं आणि तेल कुठे गळतंय का ते बघितलं. गळत नव्हतं. वर जाऊन हातपाय धुतले. नळ सोडून बराच वेळ उभा राहिलो.

१५ डिसेंबर

मैथिलीला हल्ली फोन येतात. ती उठून बाल्कनीत जाते, थंडीत कुडकुडत बोलते, जपानीत, फार अदबीने. आत आल्यावर गप्प असते. परवा बाळासाहेबांना फोनवर सांगितलं. ते म्हणाले, "दाजी, पोरगा असणार. विचारा सरळ."

आज जेवताना विचारलं. "कोणी आहे का?"

ती माझ्याकडे बघत राहिली. "आहे," म्हणाली. "पण फार लांब आहे."

"जपानी?"

"हो. फार थंड प्रदेशातला."

"चांगला आहे का?"

"फार. पण नाही जमणार, बाबा. मी नाही म्हणून सांगितलंय. तरी परत विचारतायत."

मी म्हटलं, माझी काही हरकत नाही, आईचीही नसती. तिने मान हलवली आणि ताटं उचलली. एवढी उदास मी तिला विभाच्या दिवसांतही पाहिली नव्हती. मुलगा होक्काइदोकडचा असावा. तिथेच शिकताना ओळख झाली असेल. त्याच्या घरच्यांना भेटायला जावं का, विचार करतो आहे.

१२ जानेवारी २०२५, रविवार

आज ब्रेकमधली हवा काढायची होती. हे काम एकट्याने होत नाही. एकाने सीटवर बसून पेडल दाबायचं, दुसऱ्याने खाली पडून चाकाजवळचा स्क्रू सोडायचा. हवा आणि तेल बाहेर आलं की स्क्रू घट्ट करायचा, मगच पेडल सोडायचं. ताकेउची-सान सर्दीने झोपून आहेत, म्हणून मैथिली बसली. मी जमिनीवर पुठ्ठा टाकून गाडीखाली. फक्त तिचे बूट दिसत होते.

"दाब."

"दाबलं."

"धर."

मी स्क्रू सोडायचो, बुडबुडे येऊन जायचे, मी घट्ट करायचो.

"सोड."

मागची दोन्ही चाकं झाली. पुढच्या उजव्याला आलो.

"बाबा, तुम्ही होक्काइदोला कोणाच्या घरच्यांना भेटायला निघालायत?"

"मामाने सांगितलं वाटतं."

"मुलगा नाहीये कोणी. ओबिहिरोचे प्रोफेसर आहेत."

"दाब."

"दाबलं. ते रद्द नव्हतं झालं. मीच नाही म्हटलं होतं. त्यांनी वर्षभर जागा धरून ठेवली. फेब्रुवारी संपायच्या आत शेवटचं सांग म्हणतायत, नाहीतर दुसरं कोणी घेणार."

पाना हातात होता.

"धरू?"

"धर. का नाही म्हटलंस?"

"दहाव्याला कावळा येत नव्हता ना. मामा बोलला, तरी नाही आला. मग मी मनात म्हटलं, आई, मी बाबांना एकटं टाकून कुठे जाणार नाही. आणि मामा ओरडला. डोळे उघडले तर आला होता."

खालून तिचा चेहरा दिसत नव्हता. तिलाही माझा दिसत नव्हता. ते बरं होतं.

"तू जपानात वाढलीस," मी म्हणालो. "सायन्स शिकलीस."

"तुम्ही नाही शिकलात? मग तुम्ही कशाला पडलाय गाडीखाली?"

मी स्क्रू सोडला.

"आईला सांगितलंय, बाबा. आता नाही फिरवता येणार. दाइज्योबु. मला इथे ठीक आहे."

"सोड," मी म्हणालो.

तिने पेडल सोडलं. मी स्क्रू घट्ट केलेलाच नव्हता. सगळी हवा सुरसुरत परत आत गेली. त्या चाकाचं काम पहिल्यापासून करावं लागलं.

१४ जानेवारी

दोन दिवस हाच विचार.

ती जावी असं मला वाटतं. एकट्याने राहायला मी भितो हेही खरं. ऑफिसातून आल्यावर वर दिवा लागलेला दिसतो, त्याची सवय झाली आहे. पण हे असं नको. तिने एदोगावात दुधाच्या बाटल्या तपासत बसायचं आणि तेही माझ्यासाठी, हे विभाला कधी चाललं नसतं. मैथिलीला हे सांगून उपयोग नाही. काल सांगून पाहिलं. "आईला काय चाललं असतं ते तुम्हाला कसं माहीत?" म्हणाली. बरोबर आहे. शनिवारचं मला कुठे माहीत होतं?

तिने शब्द दिला, मीही दिला. कावळा एकच होता. तो कोणाच्या शब्दावर आला, एवढाच प्रश्न आहे. हसू येतं लिहिताना, पण तिच्यासाठी तेवढाच प्रश्न आहे.

१८ जानेवारी

ताकेउची-सानांना सगळं सांगितलं आणि विचारलं, "तुम्ही तिथेच होतात. आधी मी बोललो की आधी कावळा उडाला?"

ते बराच वेळ मडगार्डाचा बोल्ट फिरवत राहिले. (मडगार्डं लावावीच लागली. गाडी रस्त्यावर आणायच्या आधी सरकारी तपासणी असते, तिला चाकं वरून झाकलेली लागतात. विभाला हे मुळीच आवडलं नसतं. तपासणी झाली की काढू, असं ते दबक्या आवाजात म्हणतात.)

"हरीश-सान, तुम्हाला कसं हवंय?"

"मला हवं तसं नको. काय झालं ते हवंय."

"मग मी पाहिलं नाही. वारा होता. मी केस सांभाळत होतो."

७ फेब्रुवारी

तपासणीत नापास. गाडी ट्रकवर घालून नेली होती. गाडी अमेरिकेची, दिव्यांचा झोत उजवीकडे जातो. इथे आपल्यासारखीच वाहनं डावीकडून चालतात, म्हणून समोरच्याच्या डोळ्यांवर येतो. काचा बदलायला हव्यात. ब्रेक मात्र चांगले लागले. तपासणाऱ्या माणसाने चमकणाऱ्या दाराकडे बघून विचारलं, हे असं का? ताकेउची-सान म्हणाले, "डिझाइन."

मैथिलीने अजून प्रोफेसरांना काही कळवलेलं नाही. म्हणजे तिच्या मनातून गेलेलं नाही.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

आज पास झाली.

ताकेउची-सान येणार होते, पण सकाळी म्हणाले, दुकानात गर्दी आहे. फेब्रुवारीत कसली गर्दी, कोण जाणे. मैथिलीने ऐनवेळी रजा टाकली, तिला घेऊन गेलो. तात्पुरती नंबरप्लेट लावून मीच चालवली. लायसन्स होतं, पण वर्षानुवर्षं चालवली नव्हती. स्टिअरिंग डावीकडे, वर छप्पर नाही, वारा सरळ कपाळावर. दोघांनी विभाच्या लोकरी टोप्या घातल्या होत्या. सिग्नलला लोक फोटो काढत होते. मी समोर बघत होतो.

शिक्का मिळाला. परत येताना एका कोंबिनीच्या, म्हणजे चोवीस तास उघड्या दुकानाच्या, आवारात थांबलो. मैथिलीने कॉफीचे दोन गरम डबे आणले. आम्ही गाडीतच बसून प्यायलो. इंजिन थंड होताना टिकटिकत होतं.

मी म्हणालो, "कावळा माझ्या शब्दावर आला."

ती वळली.

"तुझे डोळे मिटलेले होते. मी बघत होतो. मी म्हटलं गाडी पूर्ण करतो, वर्षाच्या आत, आणि तो खांबावरून उडाला. तू काय म्हणालीस ते ऐकायला तो थांबलाच नाही."

"तुम्ही चष्मा पुसत होता."

"पुसून झाला होता."

"डोळ्यांवर होता?"

"होता."

"नक्की, बाबा?"

"सव्वीस वर्षं टेस्टिंग करतो आहे. न पाहिलेलं पाहिलं असं मी कधी लिहिलेलं नाही."

ती डब्याभोवती हात गुंडाळून बसून राहिली. समोरून एक ट्रक गेला, त्याच्या ड्रायव्हरने हात केला. मीही केला.

"ताकेउची-सानही हेच म्हणाले," ती म्हणाली. "परवा मी कपडे आणायला त्यांच्या दुकानात गेले होते. मी विचारलंही नव्हतं. म्हणाले, मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं, हरीश-सान बोलले आणि कावळा उडाला."

मला त्यांनी पाहिलं नाही म्हणून सांगितलं होतं. नंतर आठवलं असेल.

"म्हणजे गाडी झाली," ती म्हणाली.

"झाली."

"आईचं काही राहिलं नाही."

"नाही."

तिने रिकामे डबे नेऊन टाकले. परत आली ती डावीकडच्या दाराशी. "सरका," म्हणाली. घरापर्यंत तिनेच चालवली. विभासारखीच चालवते, गिअर बदलताना खालचा ओठ चावून. सोमवारी सुट्टी आहे, मंगळवारी प्रोफेसरांना फोन करणार आहे.

घरी आलो. जिना चढताना मला एकदम रडू आलं, आणि बराच वेळ थांबलं नाही. मैथिली पाणी घेऊन आली आणि पायरीवर शेजारी बसली.

४ मार्च

तिथीने आज वर्षश्राद्ध. मैथिली खोली बघायला ओबिहिरोला गेली आहे. तारीख बदलते म्हणत होती. मी बदलू दिली नाही. सकाळी तिने फोटो पाठवला. सगळीकडे बर्फ आणि कुंपणापाशी एक गाय. मोठी आणि शांत होती. खाली लिहिलं होतं, "हाच तो मुलगा."

पुष्करने घरी श्राद्ध सांगितलं आणि ऑफिसला गेला. काकबळीचं पान मी नदीवर नेलं. ताकेउची-सान बरोबर होते. गाडीने गेलो. शेवटी एकदाचे ते तिच्यात बसले. दारावर कोपर ठेवून बसले होते, चमकणाऱ्या दारावर. त्यांच्या तुऱ्याचं वाऱ्याने काय व्हायचं ते झालं, पण त्यांनी हात लावला नाही.

पान पायरीवर ठेवून मागे सरलो. चष्मा घरूनच स्वच्छ करून आणला होता. डोळ्यांवर होता. मी बघत राहिलो.

कावळा लगेच आला. आम्ही दोघांपैकी कोणी काही बोललं नव्हतं.

ताकेउची-सानांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मीही त्यांच्याकडे पाहिलं नाही. कावळ्याने भात खाल्ला, वडा चोचीत धरला आणि पुलाकडे गेला.

येताना गाडीखाली पेट्रोलचा एक थेंब दिसल्यासारखं वाटलं. घरी येऊन पुठ्ठा टाकून बघितलं, तर नळी कोरडी होती. तरी तिचं वरचं वाकण मला बरं वाटेना. विभाचा लहान पाना घेतला आणि नळी काढली. मडगार्डंही काढून भिंतीला लावून ठेवली. बोल्ट हळदीच्या डब्यात टाकले.

ताकेउची-सान म्हणाले, आता गाडी परत कधी चालू होणार?

मी म्हटलं, शनिवारी बघू.

"चालेल," ते म्हणाले.